टिनाच्या शेडमधलं सुतारकाम: कूलर, एसी की आधी छत?

नागपुरात घरामागे दहा बाय पंधराची टिनाची शेड आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी मी सुतारकाम करतो. धंदा नाही, हौस आहे. मे महिन्यात दुपारी शेडचं कुलूप रुमालात धरून उघडावं लागतं आणि आत बाकावर पडलेली पटाशी हातात धरवत नाही. त्यामुळे होळी झाली की ओळखीतले हौशी सुतार एकच प्रश्न घेऊन येतात, कूलर घेऊ की एसी? मी आधी विचारतो, टिनावर काय टाकलंय? बहुतेकांनी काहीच टाकलेलं नसतं.

जरा हिशोब करा. दहा बाय पंधराचं छत म्हणजे जवळपास १४ चौरस मीटर. भर दुपारी उन्हाळ्यात चौरस मीटरला ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर साधारण १३ किलोवॅटची शेगडी पेटलेली आहे. दीड टनाचा एसी खोलीतून बाहेर काढतो ती उष्णता सव्वापाच किलोवॅटच्या आसपास. छतावर पडलेल्या उन्हातला चौथा हिस्सा जरी आत झिरपला, तरी एसीची निम्म्याहून जास्त ताकद टिनाशी भांडण्यातच जाते. म्हणून पहिला पैसा छतावर घाला.

तिथेही दोन रस्ते आहेत. एक चुन्याचा. चुन्यात थोडं फेव्हिकॉल कालवून दोन हात मारायचे, खर्च किरकोळ, फरक त्याच दिवशी जाणवतो. पण पहिल्या दोन-चार पावसांत तो वाहून जातो, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा शिडी लावायची. दुसरा शेडनेटचा. माझं मत नेटला, मात्र ती टिनाला चिकटून नको. पाइप किंवा बांबूंवर फूटभर उंच ताणायची, म्हणजे मधून वारा वाहतो आणि तापलेली जाळी टिनाला तापवत नाही. नुसती टिनावर अंथरलेली नेट मी दोन उन्हाळे वापरली, फारसा उपयोग झाला नाही. चारी बाजूंनी दोरी नीट काचून बांधा, मेच्या वावटळीत सैल नेट शेजारच्यांच्या अंगणात सापडते. आतून थर्माकोल लावायचा सल्ला बरेच जण देतात. भुसा, थिनर आणि ग्राइंडरच्या ठिणग्या एकाच खोलीत असताना मी थर्माकोल डोक्यावर घेणार नाही.

आता कूलर आणि एसी.

विदर्भ, खानदेश, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरला तोड नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेर ४३ अंश आणि हवा कडकडीत कोरडी असेल, तर चांगल्या ताट्यांचा (पाण्याने भिजणाऱ्या जाळ्यांचा) डेझर्ट कूलर २७-२८ अंशांची हवा फेकतो. वीज लागते २०० वॅटच्या आसपास. सहा तास चालवला तर सव्वा युनिट, तेवढ्याच वेळात एसी सात ते नऊ युनिटं खातो. महावितरणच्या बिलात ३०० युनिटं ओलांडली की पुढचा दर चढतो, घरातला एसी आधीच चालू असेल तर शेडचा एसी थेट त्या महाग टप्प्यात जातो. कूलर दहा-बारा हजारांत येतो, एसीला बसवण्यासकट चाळीस हजार धरा. पाणी मात्र मोजा: भर उन्हात तासाला दहा लिटर सहज. टँकरवर जगणाऱ्या गावात ही गोष्ट लहान नाही.

कूलरच्या बाजूची दुसरी गोष्ट धुळीची आहे आणि ती फारशी कुणी बोलत नाही. माझ्याकडे दोन अश्वशक्तीचा डस्ट कलेक्टर आहे, म्हणजे भुसा आणि धूळ ओढून घेणारं यंत्र. असलं यंत्र मिनिटाला हजार घनफूट हवा सहज ओढतं. माझी शेड साडेतेराशे घनफूट. कलेक्टरचं तोंड बाहेर काढलेलं असेल तर दीड मिनिटात सगळी हवा बाहेर, आणि तितकीच लू फटींतून आत. एसी लावून तुम्ही अख्खं अंगण गार करत बसता. कूलरला उलट हेच हवं असतं: तो बाहेरची हवा आत ढकलतो, कलेक्टर ती बाहेर फेकतो, दोघांचं छान जमतं. एसीवाल्याने कलेक्टरची हवा गाळून आतच सोडायची, पण मग बारीक भुकटीही थोडी आतच राहते आणि एसीची जाळी दर आठवड्याला धुवावी लागते.

मग कूलरच घ्यायचा ना? इथे लाकूड मध्ये येतं.

लाकडाला उष्णतेचं फारसं काही वाटत नाही, ओलाव्याचं वाटतं. वीस टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकूड स्वतःत पाच टक्क्यांहून थोडा कमी ओलावा धरतं, पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या हवेत बारा-तेरा. कूलर महिनाभर रोज त्याच बाकावर वाहत राहिला की हा फरक मुरतो, आणि साध्या चिरलेल्या एक फूट रुंदीच्या सागवानी फळीत तीन-चार मिलिमीटर रुंदी वाढू शकते. मी हे स्वतः भोगलंय. मेहुणीसाठी पुस्तकांचं कपाट केलं, दाराच्या चौकटीत सागवानी फळ्या, पॉलिश सुरेख. कूलरसमोर केलं आणि तिच्या एसीच्या दिवाणखान्यात उभं राहिलं. पंधरवड्यात प्रत्येक फळीच्या कडेला कोऱ्या लाकडाची बारीक फिकट रेघ दिसू लागली. फळी आकसली होती आणि चौकटीत दडलेला, पॉलिश न लागलेला भाग बाहेर आला होता. ती काही बोलली नाही. ते जास्त वाईट.

लोखंडाचंही तसंच. टेबल सॉच्या बिडाच्या तबकावर घामेजला हात टेकून रात्री कूलर चालू ठेवून गेलात, तर सकाळी तुमच्याच तळव्याचा तांबूस ठसा मिळतो. मी आता काम संपलं की मेणाचा हात मारतो आणि घन लाकूड शेडमध्ये ठेवतच नाही, काम असेल तेवढंच घरातून आणतो.

प्लाय-सनमायकाचं काम असेल तर यातलं काही मनावर घेऊ नका, खुशाल कूलर लावा. घन सागवान, शिसम, कपाटाची दारं, खणाचे ड्रॉवर असं बारीक मापाचं काम असेल, छत झाकलेलं असेल, फटी बुजवलेल्या असतील आणि धूळ आतच गाळायची तयारी असेल, तर एसीला अर्थ आहे. यातली एकही अट अडली तर चाळीस हजार वाया. खिडकीतून एकच नळी बाहेर सोडणारा चाकांवरचा एसी तर मुळीच घेऊ नका, तो खोलीतलीच हवा बाहेर फेकतो आणि लू आत ओढतो.

कोकण, मुंबई, गोव्यात कूलर विकत घेणं म्हणजे दमट हवेला आणखी पाणी पाजणं. तिथे हवा ३३-३४ अंशांची, अंगापेक्षा थोडी थंडच, म्हणून मोठा पंखा आणि समोरासमोर एक्झॉस्ट खरंच काम करतात. आमच्याकडे ४३ अंशांत नुसता पंखा भट्टीचा भाता होतो. तिकडे एसी लावलाच तर हवा कोरडी होण्याचा फायदा लाकडालाही मिळतो. पुण्यात रात्री बऱ्याच गार होतात. तिथे रात्रभर खिडक्या उघड्या, सकाळी नऊला बंद, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं.

आमच्याकडे उन्हात डोक्याला दुपट्टा बांधायची सवय असते, शेडमध्ये शिरल्यावरही तो गळ्यात राहतो. लेथ किंवा टेबल सॉ चालू करण्याआधी तो खुंटीला टांगा. पंख्याच्या झोतात त्याचं टोक कुठे उडेल सांगता येत नाही.

पॉलिशचं काम मात्र मी दोन्हींपासून लांब ठेवतो. कूलरच्या ओल्या हवेत लॅकरवर दुधाळ साय धरते, आणि एसीच्या बंद खोलीत थिनरची वाफ कोंडते, त्यात एका ठिणगीची कसर असते. पहाटे साडेपाचला ओसरीत घोंगडी अंथरून पॉलिश मारतो. साडेसातला पहिला हात वाळलेला असतो, आणि ऊन अजून पायरीवर आलेलं नसतं.