नळाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप की सुतळी-सफेदा?

सांगलीतल्या जुन्या वाड्यांत अजून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप दिसतात. त्यांच्या गंजून झिजलेल्या आट्यांवर टेप दम धरत नाही. तिथं सुतळीच बरी. ती भिजली की फुगते, फट भरते. नळ सरळ करायला थोडा मागे घेतला तरी सहसा गळत नाही. सुतळीवर लावायची पांढरी पेस्ट म्हणजे सफेदा; शिसं असलेला सफेदा मात्र पिण्याच्या पाण्याला नकोच.

सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकच्या पाइपलाइनवर टेपच. अर्धा इंची नळाला ८-१० वेढे, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेनं, ताणून. उलटे गुंडाळले तर नळ बसवताना टेप गोळा होऊन बाहेर येते. हा जोड मागे फिरवायचा नाही. उघडून नव्यानं गुंडाळा. प्लास्टिकच्या आट्यांत सुतळी कोंबली की एल्बो (कोपऱ्याचा जोड) तडकतो, आणि तो भिंतीत असला तर टाइल फोडावी लागते.