‘द पियानिस्ट’ की ‘प्लेइंग फॉर टाइम’: आधी कोणता पाहावा?

दोन्ही चित्रपट नाझी छळातून वाचलेल्या ज्यू कलावंतांच्या आठवणींवर बेतलेले, दोन्ही अडीच तासांच्या घरातले. पण संगीताचं काम दोन्हींत अगदी उलटं आहे, आणि निवड त्यावरच करावी.

रोमान पोलान्स्कींच्या ‘द पियानिस्ट’मध्ये (2002) वॉर्सा रेडिओवरचे पियानोवादक व्वादिस्वाफ श्पिलमान आहेत. नाव ऐकून भरपूर पियानो मिळेल असं समजून बसलात, तर मधला बराच वेळ हाती काही लागणार नाही. सप्टेंबर 1939 मध्ये बॉम्बहल्ल्यात पोलिश संगीतकार शोपँचं सी शार्प मायनर नॉक्टर्न (रात्रीच्या वातावरणाची छोटी पियानो-रचना) अर्ध्यावर तुटतं. मग घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडलेली वस्ती, ऑगस्ट 1942 मध्ये कुटुंबाची त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत रवानगी, आणि पुढे रिकाम्या फ्लॅटमध्ये लपणं. एका फ्लॅटमध्ये पियानो असतो. पण आवाज झाला की संपलंच, म्हणून बोटं पट्ट्यांच्या वर हवेतच फिरतात. श्पिलमान वाचतात ते मुख्यतः ओळखीपाळखीवर, रांगेतून बाहेर ओढणाऱ्या एका ज्यू पोलिसामुळे आणि निव्वळ नशिबाने. जर्मन कॅप्टन होझेनफेल्डसमोरचं प्रसिद्ध वादन पार शेवटाकडे येतं. श्पिलमाननी आठवणींत तिथे तेच नॉक्टर्न वाजवल्याचं लिहिलंय. पोलान्स्कींनी त्याऐवजी शोपँचीच ‘जी मायनर’ स्वरातली बॅलड ही मोठी रचना घेतली, तीही काटछाट करून. पडद्यावर ती जबरदस्त चढते. पण इतके दिवस उपाशी, गारठलेला माणूस ती एवढ्या सफाईने वाजवेल, हे पियानो शिकणाऱ्याला खटकेलच. श्रेयनामावली लागली की उठू नका, शोपँचं ग्रँड पोलोनेज तिथेच आहे.

‘प्लेइंग फॉर टाइम’ (1980) टीव्हीसाठी केलेला, पटकथा आर्थर मिलर यांची. पॅरिसच्या गायिका फानिया फेनेलों यांच्या भूमिकेत व्हनेसा रेडग्रेव्ह. इथे वाजवणं हीच रोजची वेठ. ऑश्वित्झ-बिर्केनाऊ छळछावणीतल्या कैदी बायकांचा वाद्यवृंद कैद्यांच्या टोळ्या कामावर निघताना आणि परतताना मार्च वाजवतो, छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाच्या अधिकाऱ्यांना हवं तेव्हा मैफल करतो. संगीताने जीव वाचतो आणि त्याचीच लाज वाटते, हा पेच इथे जास्त धारदार आहे. मात्र इतिहास म्हणून तो जपूनच घ्यावा. चेलोवादक अनिता लास्कर-वॉलफिश यांच्यासह वाद्यवृंदातल्या इतर वाचलेल्या बायकांनी फेनेलोंच्या कथनाला हरकत घेतली, विशेषतः संचालिका आल्मा रोझे यांच्या चित्रणाला. रोझे संगीतकार गुस्ताव महलर यांच्या भाची. त्यांच्या कडक शिस्तीमुळेच आम्ही जगलो, असं त्यातल्या काहींचं म्हणणं.

या विषयावरचा पहिलाच चित्रपट असेल तर ‘द पियानिस्ट’ घ्या: घटनाक्रम सरळ, संवाद बहुतेक इंग्रजीत, जर्मन सैनिक मात्र जर्मन बोलतात. स्वतः गाणारे-वाजवणारे असाल तर ‘प्लेइंग फॉर टाइम’ आधी बघा. जुन्या टीव्हीची चौकोनी चौकट आणि बंदिस्त, बोलके प्रसंग तेवढे सोसावे लागतील. घरात लहान मुलं असतील तर दोन्ही नकोत. ‘द पियानिस्ट’मध्ये चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला गॅलरीतून खाली फेकतात, आणि कॅमेरा नजर वळवत नाही.