ब्रिटिश पद्धतीचा सीव्ही: बरेच महिने चालवल्यावर काय वाटतं

यूकेत आपला तिकडचा सीव्ही चालत नाही, इकडच्या पद्धतीचा बनवावा लागतो हे विमानातून उतरल्या उतरल्या सगळेच सांगतात, पण तो बनवून महिनोन्‌महिने चालवल्यावर नक्की काय फरक पडतो हे कोणी धड लिहीत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितेय. माझं काम अकाउंट्सचं. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत बरीच वर्षं हिशेब सांभाळले, आता लेस्टरला असते, व्हिसा डिपेंडंटचा (म्हणजे घरच्या माणसाच्या व्हिसावर आलेली). तेव्हा आयटीवाल्यांनी आणि मेडिकलवाल्यांनी आपापल्या हिशेबाने वाचावं.

आधी काय काय उडालं ते सांगते. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं की नवऱ्याचं नाव, विवाहित-अविवाहित, धर्म, पासपोर्ट नंबर, आणि शेवटचं ते "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे" आणि खाली स्थळ, दिनांक, सही. खरं सांगायचं तर आपला सीव्ही म्हणजे लग्नाचा बायोडाटाच असतो, फक्त रास आणि गोत्र तेवढं नसतं. इकडे 2010 चा इक्वालिटी अ‍ॅक्ट आहे, त्यात वय, लिंग, वंश, धर्म, अपंगत्व, लग्न, गरोदरपण वगैरे धरून नऊ गोष्टी अशा आहेत की त्यांवरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. तुम्ही स्वतःहून लिहिलंत तर गुन्हा नाही, पण वाचणाऱ्याला ती माहिती डोळ्यासमोर नकोच असते, उद्या कोणी म्हणायला नको की वय बघून नाकारलं. सध्याचा पगार, अपेक्षित पगार हेही सीव्हीवर नाही. रेफरन्सची नावं-नंबर पण नाहीत, ऑफर द्यायच्या वेळी ते मागून घेतात. हे सगळं काढलं आणि पाच पानांचा माझा सीव्ही दोन पानांवर आला. ए-फोरची दोन पानं, ही इकडची सर्वसाधारण मर्यादा, आणि पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग जमला नाही तर दुसरं पान कोणी उलटत नाही असं समजूनच लिहायचं.

पण हे सोपं काम झालं, ते कुणीही एका संध्याकाळी करेल. खरी मेहनत आहे ती कामाच्या वर्णनात. माझ्या जुन्या सीव्हीत एक ओळ होती, आपल्याकडे प्रत्येक अकाउंटंटच्या सीव्हीत असते ती, "क्रेडिटर्स, डेटर्स, बँक आणि दैनंदिन हिशेबाची संपूर्ण जबाबदारी". इथे जबाबदारी काय होती हे कोणाला नकोय, तुम्ही हाताने काय केलं आणि त्याचं काय झालं ते हवंय. मग ती एक ओळ फोडून तीन केल्या. महिन्याला साधारण चारशे सप्लायर इन्व्हॉइस टाकले आणि पेमेंट रन लावला. तीन बँक खाती दर महिन्याला रिकन्साईल केली. थकलेल्या वसुलीच्या मागे लागून नव्वद दिवसांवरची येणी निम्म्यावर आणली. यात खोटं काही नाही, तेच काम आहे, पण वाचणाऱ्याला आता दिसतंय की ही बाई टेबलावर बसून काय करत होती.

शिवाय कामाची नावं बदलावी लागतात. डेटर्स फॉलोअप म्हणजे इकडे क्रेडिट कंट्रोल, क्रेडिटर्सचं काम म्हणजे पर्चेस लेजर, आणि जाहिरातीत हेच शब्द असतात, सर्च याच शब्दांवर होतो. टॅली इकडे बहुतेकांनी पाहिलेलंही नसतं, सेज, झिरो (Xero), क्विकबुक्स ही हिशेबाची सॉफ्टवेअर चालतात, म्हणून टॅलीच्या पुढे सेज शिकले हे लिहावं लागलं (आणि त्याआधी शिकावं लागलं अर्थात). जीएसटी रिटर्न म्हटलं की कोरे चेहरे, पण "व्हॅटसारखा कर, दर महिन्याचं रिटर्न, इनपुट क्रेडिट जुळवणं" असं लिहिलं की लगेच कळतं, कारण इकडे व्हॅट रिटर्न बहुतेकांचं तिमाही असतं, आणि दर महिन्याला भरणारी म्हटल्यावर उलट वजन पडतं. टीडीएसचं मला वाटलं होतं की ते काढूनच टाकावं, इकडे काय उपयोग. पण इकडे बांधकाम क्षेत्रात सीआयएस म्हणून स्कीम आहे, सबकॉन्ट्रॅक्टरला पैसे देताना रजिस्टर्ड असेल तर 20 टक्के, नसेल तर 30 टक्के कापून सरकारकडे भरायचे. म्हणजे आपलं कॉन्ट्रॅक्टरचं टीडीएसच की! दर वेगळे, फॉर्म वेगळे, पण डोकं तेच. ती एक ओळ टाकल्यापासून बिल्डर लोकांच्या ऑफिसांतून फोन यायला लागले, आणि पहिल्या बऱ्या इंटरव्ह्यूत अर्धा वेळ त्याच ओळीवर गेला. लाख-कोटी मात्र काढा. चाळीस कोटींचा टर्नओव्हर म्हणजे साधारण साडेतीन मिलियन पाउंड असं लिहिलं की त्यांना कंपनीचा आकार कळतो, नाहीतर ते बिचारे स्वल्पविराम मोजत बसतात.

सगळ्यात वर तीन-चार ओळींचा प्रोफाइल. यात मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर असलं काही नको, सगळेच ते लिहितात. किती वर्षं, कुठल्या प्रकारच्या कंपनीत, कुठलं काम, आता काय हवंय, बास. आणि माझ्यासारख्या डिपेंडंटवाल्यांसाठी एक ओळ अगदी सोन्याची: यूकेत काम करायचा पूर्ण हक्क आहे, स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी कंपनीची हमी) लागत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसाला कंपनीकडे लायसन्स लागतं आणि पगाराची साधारण मर्यादा जुलै 2025 पासून 41,700 पाउंडवर गेलीय, छोट्या ऑफिसातला पर्चेस लेजरवाला तेवढा कमावतच नाही, त्यामुळे भारतीय नाव आणि भारतीय अनुभव दिसला की मालक आधी मनात धरतो की हिला स्पॉन्सर लागणार आणि सीव्ही बाजूला. ती ओळ खाली कुठेतरी नाही, नाव-फोनच्या लगेच खाली टाका. शेअर कोड (काम करायचा हक्क मालकाला तपासता यावा म्हणून मिळणारा नंबर) सीव्हीत घालू नका, तो नंतर मागतात तेव्हा ऑनलाइन काढून द्यायचा.

पैसे देऊन सीव्ही बनवून घ्यावा का, तर माझं मत स्पष्ट "नाही" असं आहे. मी एकाकडून करून घेतला होता, नाव घेत नाही. दोन कॉलम, निळी पट्टी, बाजूला एक्सेल 85 टक्के अशा रेघा (कशाचे 85 टक्के, विचारू नका). दिसायला झकास. पण कंपन्यांच्या पोर्टलवर अपलोड केला की सिस्टीम आपोआप रकाने भरते ना, तिथे माझा पत्ता पदाच्या जागी आणि शिरोलीची फाउंड्री शिक्षणाच्या जागी जाऊन बसायची, आणि हे प्रत्येक अर्जात हाताने दुरुस्त करायचं. शेवटी साधा वर्ड, एक कॉलम, टेबल नाही, टेक्स्ट बॉक्स नाही, तोच आजपर्यंत चालवतेय. इंग्लंडमध्ये नॅशनल करिअर्स सर्व्हिस म्हणून सरकारी सोय आहे, फुकट, त्यांचा सल्लागार फोनवर बोलतो आणि साइटवर सीव्हीचं मार्गदर्शन पण आहे. स्कॉटलंड-वेल्सला त्यांची वेगळी आहे. आणि हे नीट लक्षात ठेवा, नोकरी शोधून देण्यासाठी रिक्रूटमेंट एजन्सी तुमच्याकडून पैसे घेऊ शकत नाही, तसा कायदा आहे. सीव्ही लिहून द्यायचे घेऊ शकते, पण "आमच्याकडून सीव्ही करून घेतलात तरच नोकरीला नाव लावू" असं म्हणू शकत नाही. असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

आता जे जमलं नाही ते. "यूके एक्सपिरियन्स नाही" हे वाक्य कुठल्याही फॉरमॅटने पुसलं जात नाही, सीव्ही कितीही घासा. माझ्याबाबतीत खरा फरक पडला तो एका छोट्या चॅरिटीचे हिशेब आठवड्यातून एक दिवस फुकटात सांभाळायला घेतले तेव्हा. ते सीव्हीत पहिल्या पानावर कामाच्याच रकान्यात टाकलं, व्हॉलंटरी म्हणून स्पष्ट लिहून. इकडे त्याला कोणी हसत नाही, उलट इंटरव्ह्यूत विचारतात. काही जण सल्ला देतात की ओळखीच्या कुणाच्या दुकानात काम केलं असं लिहून टाक, कोण बघतंय. बघतात हो. इंग्लंडमधल्या टॉन्टनच्या एका हॉस्पिसच्या (मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या) सीईओने खोट्या डिग्र्या आणि खोटा अनुभव लिहून नोकरी मिळवली होती, 2017 साली तो तुरुंगात गेला आणि त्याच्याकडून पैसे वसूल करण्याचा वाद 2022 मध्ये थेट यूके सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. खालच्या अपील कोर्टाने रद्द केलेली जवळपास 97 हजार पाउंडची वसुली सुप्रीम कोर्टाने पुन्हा लागू केली. मुलीसाठी घेतलेली माझी गॅप मी सरळ एका ओळीत "करिअर ब्रेक" म्हणून लिहिलीय तारखांसकट, आजवर कुणी त्यावर दुसरा प्रश्न विचारला नाही.

वापरायला कंटाळवाणा आहे हे मात्र खरं. एकच सीव्ही सगळीकडे टाकायचा आपला रिवाज इथे उपयोगाचा नाही, जाहिरातीत काय अत्यावश्यक आणि काय असल्यास उत्तम हे दिलेलं असतं, त्यातलं एकेक घेऊन आपल्या सीव्हीत त्याचं उत्तर सापडतंय का ते बघायचं, नसेल तर ओळी वरखाली करायच्या. मी एक मोठा चार पानी सीव्ही घरच्यासाठी ठेवलाय, त्यातून दर वेळी दोन पानं कापून काढते. रात्री पोरगी झोपल्यावर एका अर्जाला तास-दीड तास जातो.

आणि हा दोन पानी सीव्ही सगळीकडे लागतोच असंही नाही. एनएचएसच्या (इकडची सरकारी आरोग्यसेवा) बहुतेक जागांना त्यांचा ऑनलाइन फॉर्म असतो, तिथे सपोर्टिंग इन्फर्मेशनच्या चौकोनात पर्सन स्पेसिफिकेशनच्या (उमेदवारात काय काय हवं त्या यादीच्या) प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचं. कौन्सिलचंही, म्हणजे इकडच्या महापालिकेसारख्या संस्थांचंही, बऱ्याचदा तसंच. सिव्हिल सर्व्हिसमध्ये (सरकारी खात्यांत) एकेका बिहेव्हियरसाठी, म्हणजे कामात अपेक्षित असलेल्या एकेका वागणुकीसाठी, 250 शब्दांत प्रत्यक्ष घडलेला प्रसंग मागतात. शाळांमध्ये तर मुलांच्या सुरक्षेच्या नियमामुळे नुसत्या सीव्हीवर अर्ज घेत नाहीत, पूर्ण फॉर्म भरावाच लागतो, मग ते ऑफिसातलं फायनान्सचं पद का असेना. पण तो चार पानी सीव्ही तिथेही कामाला येतो, उत्तरं त्यातूनच उचलायची असतात.