डार्क वेबवरची माहिती ‘काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

‘तुमची माहिती डार्क वेबवर आहे’ असा मेल किंवा फोन ज्यांना आला असेल, त्यांनी कुणालाही एक पैसा देण्याआधी हे वाचावं. डार्क वेब म्हणजे इंटरनेटचा असा भाग, जो साध्या ब्राउझरने उघडत नाही आणि जिथे चोरलेल्या माहितीचीही खरेदी-विक्री चालते.

माझ्या मामेभावाला आलेल्या मेलमध्ये पहिल्याच ओळीत त्याचा पासवर्ड होता. जुना, पण खरा. ‘तुझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून चित्रीकरण केलंय, बिटकॉइन पाठव, नाहीतर ते तुझ्या ओळखीच्या सगळ्यांना जाईल.’ दादाचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, घरात कॉलेजला जाणाऱ्या मुली. तो घाबरला आणि घरात कुणाजवळ बोलला नाही. या भामट्यांना नेमकं हेच हवं असतं.

चित्रीकरण वगैरे काहीच नव्हतं. अशा मेलची लाट २०१८ मध्ये जगभर आली होती आणि मजकूर साधारण तोच असतो. पासवर्ड मिळतात ते फुटलेल्या वेबसाइटच्या याद्यांतून. लिंक्डइनवरून २०१२ मध्ये चोरलेले सुमारे ११.७ कोटी खात्यांचे तपशील २०१६ मध्ये डार्क वेबवर विक्रीला आले होते. अशी यादी एकदा विकली गेली की तिच्या किती प्रती कुणाकडे आहेत, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दादाने बिटकॉइन पाठवले नाहीत. तो टेलिग्रामवर भेटलेल्या एका ‘सायबर एक्स्पर्ट’कडे गेला आणि खरा लुटला गेला तिथे. ‘सर, आमची माणसं आत आहेत, सगळं डिलीट करून देतो’ म्हणत त्याने अठरा हजार घेतले. पुरावा म्हणून काळ्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर दादाचं नाव, मोबाइल, पत्ता. ही सगळी माहिती दादाने त्यालाच फॉर्मवर भरून दिली होती! मग शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं आणि पाठोपाठ ‘आणखी ठिकाणी कॉपी सापडली’ म्हणून पंचवीस हजारांची मागणी. दादाने पोलिसांचं नाव काढताच उत्तर तयार होतं: ‘तिथे कुणाचाच माग लागत नाही. उलट तुमचाच लॅपटॉप जमा होईल.’

ही थाप मला सर्वांत घातक वाटते, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे. डार्क वेब ज्याने उघडतात त्या टॉर ब्राउझरमधून जाणारी माहिती साधारण तीन संगणकांतून फिरते आणि प्रत्येकाला फक्त आधीचा नि पुढचा ठाऊक असतो. पण माणसं चुका करतात. २०१७ मध्ये डच पोलिसांनी ‘हान्सा’ नावाचा डार्क वेबवरचा बाजार गुपचूप ताब्यात घेतला, जवळजवळ महिनाभर स्वतःच चालवला आणि हजारो खरेदीदारांचे पत्ते मिळवले. आणि दादाचे पैसे तर डार्क वेबवर गेलेच नव्हते. ते यूपीआयने साध्या बँक खात्यात गेले होते, ज्याचा माग काढता येतो.

डार्क वेबवर गेलेली माहिती पैसे घेऊन कुणीही पुसून देऊ शकत नाही. फुटलेला पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथे बदला, मेलला आणि बँकेला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) लावा. धमकीच्या मेलला उत्तर देऊ नका, पण तो पुसूही नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

दादाने १९३० ला फोन केला तो मुलीने मेल पाहिल्यानंतर. सहा हजार खात्यात गोठवले गेले, बाकीचे तोवर काढून घेतले होते.