फुकट सर्व्हरवाला सेट-टॉप बॉक्स: घेऊ नका

लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यातून गणपतीच्या आधी घेतला, साडेतीन हजारांना. "ताई, एकदा लावा, महिन्याचं रिचार्ज विसरा," दुकानदार म्हणाला.

मेख अशी की पे चॅनेल उघडणारं खरं कार्ड आपल्या बॉक्सात नसतंच, ते असतं कुठल्या तरी परक्या माणसाच्या सर्व्हरला. चॅनेल उघडणारी किल्ली साधारण दर १० सेकंदांनी बदलते आणि ती इंटरनेटवरून आपल्या बॉक्सात यावी लागते. फुकटच्या सर्व्हरवर एकाच कार्डावर ही गर्दी. किल्लीला उशीर झाला की चित्र गोठतं. मॅचच्या शेवटच्या षटकात गोलंदाज धावत आला आणि हात वर करून तसाच थांबला. बाबा रिमोट घेऊन उभेच. खालच्या मजल्यावर आरडाओरडा झाला तेव्हा विकेट पडल्याचं कळलं.

ते एकवेळ चाललं असतं. पण भाच्याने सेटिंग उघडून दाखवलं आणि मी घाबरले. अनोळखी सर्व्हरचा पत्ता, कुणी लिहिलंय याचा पत्ता नसलेलं प्लगइन (बॉक्सात वरून टाकलेलं सॉफ्टवेअर), पासवर्ड कंपनीतून आला तोच. आणि हे सगळं त्याच वायफायवर, जिथून मी बँकेचे व्यवहार करते! पैसे न भरता पे चॅनेल असे पाहणं बेकायदा आहे, हे दुकानदाराने अवाक्षराने सांगितलं नाही. राग त्याचाच जास्त आहे.

बॉक्स काढून टाकला, वायफायचा पासवर्ड बदलला. आता गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे, जीसॅट-१५ उपग्रहाकडे तोंड करून. महिन्याचे पैसे नाहीत, आणि बाबांना सह्याद्रीच्या बातम्या न अडकता दिसतात.