कॉन्केव्ह कटर, आठ महिन्यांनंतर: पात्यांच्या फटीतून दिसणारा उजेड

मे महिन्यात माझ्या बारा वर्षांच्या फायकस बोन्सायची (फायकस म्हणजे वडाच्या कुळातलं झाड) मागची एक फांदी कापली आणि कापाबरोबर बोटभर साल सोलत खाली आली. चीक थांबेना. कापूस दाबून धरून उभी राहिले, हात थरथरत होता. बोन्सायच्या फांद्या खोडालगत कापायचा हा कटर आठ इंची, कार्बन स्टीलचा, डिसेंबरात ऑनलाइन १,६५० रुपयांना घेतलेला. एवढे पैसे मी सहजासहजी खर्च करत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वजन, पकड, उघडझाप छान. माझी तक्रार एकच होती: मिटल्यावर पात्यांच्या डाव्या कोपऱ्यात केसाएवढा उजेड दिसायचा. ट्यूबलाइटसमोर धरला की कळायचं. पातळ कागद घातला तर उजवीकडे तुटायचा, डावीकडे नुसता दुमडायचा.

केसाएवढी फट म्हणून सोडून द्यायची नाही. साध्या सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कापलं की खुंट उरतो आणि पुढे तिथे गाठ दिसते. कॉन्केव्ह कटरचा काप किंचित खोलगट असतो. कडांची साल हळूहळू आत सरकते, जखम खोडाच्या पातळीत मिटते. त्यासाठी कड स्वच्छ तुटायला हवी; चुरगळलेली कड वाळते आणि साल मागे हटते. एका मैत्रिणीने सुचवलं, खुंट सोलून त्याचं जिन कर, म्हणजे मेलेल्या फांदीचं उघडं लाकूड शोभेसाठी तसंच ठेव. ते जुनिपरसारख्या सूचिपर्णी झाडावर शोभतं आणि टिकतंही. फायकसचं मेलेलं लाकूड ठाण्याच्या पावसाळ्यात कुजतं.

खरं दुःख वेगळंच होतं. या झाडाला एकाच उंचीवर समोरासमोर दोन फांद्या होत्या, हात पसरल्यासारख्या. एक जायलाच हवी होती. मोबाइलवर काळे-पांढरे फोटो काढून तीन आठवडे पाहिले. रंग गेले की झाडाचा तोल कळतो. डावी ठेवायची हे स्पष्ट होतं. ती खोडाच्या वळणाच्या बाहेरच्या अंगावर आहे, तिथून निघालेली फांदी वळणाला उठाव देते. पण मग उजवीचा घाव दर्शनी बाजूला येणार. आणि मेमधल्या प्रकारानंतर मी चक्क डावी कापायचं ठरवलं, कारण तिचा घाव मागे लपला असता. कोणती फांदी जाणार हे माझ्या नजरेऐवजी ही फट ठरवू लागली होती. त्याचा मला अजून राग आहे.

विक्रेत्याला फोटो पाठवले, कागदाचा व्हिडिओ पाठवला. तीन मेलनंतर उत्तर आलं: वापरलेली वस्तू बदलून मिळत नाही, धार वापराने जातेच. धार गेली असं मी कुठे म्हटलं होतं? जूनमध्ये गंज सुरू झाला. आमची घोडबंदर रोडची गॅलरी खाडीकडे तोंड करून आहे, त्यामुळे हा दोष कटरचा धरत नाही. प्रत्येक वेळी चीक पुसून शिलाई मशीनचं तेल लावते, तेवढं पुरतं. तेव्हा लिहिलं असतं तर पाचात एकच तारा दिला असता.

जुलैत मत बदललं. स्टेशनजवळ शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी तो चाकाला लावलाच नाही. दोन्ही दांडे धरून हलवले आणि म्हणाले, “पातं उत्तम आहे ताई, रिव्हेट ढिली आहे.” ऐरणीवर ठेवून बारीक हातोडीचे चार ठोके. साठ रुपये. ट्यूबलाइटसमोर धरला, उजेड नाही. कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ तुटला.

म्हणजे स्टील चांगलं, जोडणी निष्काळजी. घ्यायचा असेल तर घ्या, पण आल्या दिवशीच, परत करायची मुदत असताना, कागद कापून पाहा. पात्याच्या रुंदीच्या निम्म्याहून जाड फांदी त्यात घालू नका. आधी करवतीने कापा, मग कटरने घाव साफ करा. माझे आता साडेतीन तारे. अर्धा तारा त्या मेलांसाठी कापला आहे.

भर पावसात, झाड जोमात असताना, मी उजवी फांदी काढली. दर्शनी बाजूची. आज पाच आठवडे झाले. घावाभोवती फिकट हिरवट सालीची वळी चढली आहे, एक कोपराही वाळलेला नाही. डाव्या फांदीला कालच दोन नवी पानं फुटली.