वळण चुकलं की पुढे काय? फोर्झा होरायझन ५, ग्रॅन तुरिस्मो ७ आणि असेटो कोर्सा

रेसिंगचा गेम घ्यायचा म्हटलं की चौकशी सुरू होते ती गाड्या किती आणि ग्राफिक्स कसे, इथून. या दोन्ही बाबतींत आज कुठलाच मोठा गेम मागे नाही. पण पंधरा दिवसांनी तो पुन्हा सुरू करावासा वाटेल का, हे त्यावरून कळत नाही. मला विचाराल तर गाडीच्या गेमची सगळी मजा वळणात आहे. सरळ रस्त्यावर सगळेच अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतात. वळण आलं की ब्रेक कुठे लावायचा, कधी सोडायचा, गाडी आत कधी घालायची आणि पुन्हा वेग कधी द्यायचा, हे सगळं दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं आणि त्यातलं एक तरी चुकतं. त्या चुकीचं गेम काय करतो, तिथे या तिघांच्या वाटा फुटतात. म्हणून मी तुलना चुकीपासूनच सुरू करते.

गाडी एकच घेऊ, माझदा एमएक्स-५. दोन सीटची, उघड्या टपाची, मागच्या चाकांवर चालणारी, वजनाला हजार किलोच्या आसपास. १९८९ पासून ही गाडी बनते आहे आणि तिन्ही गेममध्ये ती आहे. ग्रॅन तुरिस्मोत ती रोडस्टर या जपानमधल्या नावाने भेटते. तिच्यात ताकद बेताची, त्यामुळे वळणात गमावलेला वेग सरळ रस्त्यावर भरून काढता येत नाही. चालवणाऱ्याचं सगळं उघडं पडतं. तिन्हीकडे मी तिच्यासोबत एकच चूक केली : वळणाआधी ब्रेक उशिरा लावला.

होरायझन ५ : चूक पुसता येते

इंग्लंडच्या प्लेग्राउंड गेम्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये आणलेला हा गेम मेक्सिकोत घडतो. सुरुवातच होते ती मालवाहू विमानातून गाड्या खाली सोडण्याने. मग ज्वालामुखीचा उतार, जंगल, वाळूचं वादळ आणि ग्वानाहुआतो शहराच्या चिंचोळ्या चढ-उताराच्या गल्ल्या. शर्यत लावायची नसेल तर नुसतं भटकता येतं, आणि ते भटकणं या गेमचा खरा जीव आहे.

इथे ब्रेक उशिरा लावला तर एमएक्स-५ रस्ता सोडून शेतात शिरते. कुंपण मोडतं, झुडपं आडवी होतात, गाडी उडत-आपटत पुन्हा डांबरावर येते. गेले ते दोन सेकंद. तेही नको असतील तर एक बटण दाबा, वेळ मागे सरकते आणि तेच वळण पुन्हा समोर येतं. २००८ च्या ‘ग्रिड’ या गेमने अशी सोय आणली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. मला मात्र ती शिकणाऱ्यासाठी फार मोलाची वाटते. कारण हातांना आपली चूक अजून आठवत असते आणि तेवढ्यात दुसरी संधी मिळते. पूर्ण लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, मारून त्याच वळणाशी परत येईपर्यंत आपण नेमकं काय केलं होतं, ते विसरलेलं असतं.

पण याची किंमतही आहे. शेवटच्या लॅपला पहिल्या नंबरवर असताना तळहाताला घाम येतो, तो इथे येत नाही. गेलेलं परत आणता येतं, हे मनाला माहीत असतं. त्यामुळे हात जरा बसला की सेटिंगमध्ये जाऊन रिवाइंड बंद करा, असं मी आवर्जून सांगेन. तोच रस्ता, तीच गाडी, पण छातीत धडधड सुरू होते. ऑनलाइन शर्यतीत तर ही सोय नसतेच.

मला दुसरी गोष्ट खटकते ती बक्षिसांच्या खिरापतीची. गाड्या ५००हून अधिक, आणि नुसतं खेळत राहिलं तरी चक्र फिरवून त्या मिळत जातात. आठवडाभरात गॅरेज इतकं भरतं की कुठल्याच गाडीची ओळख होत नाही. आपली एमएक्स-५ त्या गर्दीत हरवते.

ग्रॅन तुरिस्मो ७ : चूक घोटून काढावी लागते

ही मालिका १९९७ ची, जपानच्या पॉलिफोनी डिजिटलची, आणि तिच्यावर तिचा जनक काझुनोरी यामाउची या एका माणसाचा ठसा पहिल्यापासून आहे. सातवा गेम मार्च २०२२ मध्ये आला, तो फक्त प्लेस्टेशन ४ आणि ५ वर. इथे विमान नाही की वादळ नाही. हातात थोडे पैसे देऊन तुम्हाला जुन्या गाड्यांच्या दुकानात पाठवतात. पहिली गाडी निवडायची ती होंडा फिट, टोयोटा अ‍ॅक्वा किंवा माझदा डेमिओ यांतून. फिट म्हणजे आपल्याकडे जॅझ या नावाने विकली गेलेली गाडी. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसणारी. तिला टायर बदलून, वजन कमी करून हळूहळू तयार करायचं. होरायझनने जे फुकट वाटलं ते इथे कमवावं लागतं, आणि म्हणून पहिल्या पाच-सहा गाड्या महिनोन्‌महिने लक्षात राहतात.

आता आपली चूक. इटलीतल्या मोंझाला मुख्य सरळ रस्ता एक किलोमीटरहून लांब आहे आणि त्याच्या टोकाला एकदम अरुंद उजवं-डावं वळण. तिथे ब्रेक उशिरा लागला की स्टिअरिंग कितीही वळवा, पुढची चाकं ऐकत नाहीत. सगळी पकड वेग कमी करण्यात खर्ची पडलेली असते, वळायला काही उरत नाही. गाडी सरळ बाहेर. शर्यतीत वेळ जातो, आणि लायसन्सच्या परीक्षेत असाल तर परीक्षा तिथेच संपते. पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर.

या लायसन्सच्या परीक्षा म्हणजे माझ्या मते या मालिकेचा कणा. पाच पायऱ्या, प्रत्येकीत दहा परीक्षा. एखादी परीक्षा म्हणजे फक्त एक वळण. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण यांच्यात सेकंदाच्या अंशांचं अंतर. गाणं शिकणारा एकच पलटा शंभरदा घोटतो, तसं हे आहे. विसाव्या वेळी कळतं की ब्रेक उशिरा लावण्यात शौर्य नाही, तो वेळेवर लावून हळूहळू सोडत आत शिरलं की गाडीचं नाक आपसूक वळतं. कुणी सांगितलेलं नसतं, हाताला सापडतं. प्रत्येक सर्किटचे तुकडे पाडून एकेक तुकडा घोटायचीही सोय आहे. जर्मनीतला नॉर्डश्लायफ हा २०.८३२ किलोमीटरचा, डोंगरझाडीतून जाणारा ट्रॅक असाच तुकड्यातुकड्याने पाठ होतो. पहिल्यांदा तो न चुकता पूर्ण केला, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवर ब्रेकचं बटण बोटाला घट्ट लागतं आणि एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सुरू झालं की ते थरथरतं. ऐकायला किरकोळ, खेळताना फार कामाचं. चाक लॉक होऊ पाहतंय, हे नजर रस्त्यावरून न हटवता कळतं.

दोष सांगायलाच हवेत. एकट्याने खेळायच्या बऱ्याच शर्यतींत तुम्ही सगळ्यात मागून सुटता आणि पुढचा कधीच लांब निघालेला असतो. दोन-तीन लॅपमध्ये सगळ्यांना मागे टाकायचं. हा पाठलाग झाला. बरोबरीच्या गाडीशी दाराला दार लावून होणारी शर्यत नव्हे. सोनीने बनवलेला सोफी हा एआय प्रतिस्पर्धी काही ठिकाणी मिळतो, तिथे हे चित्र बदलतं. तो जागा सोडतो, जागा घेतो, वळणात शेजारी टिकून राहतो. दुसरा दोष इंटरनेटचा. नेट नसेल तर गेमचा बराचसा भाग उघडत नाही. मार्च २०२२ मध्ये सर्व्हर ३० तासांहून अधिक बंद होते, तेव्हा विकत घेतलेला गेम लोकांच्या घरात तसाच पडून होता. तुमच्याकडे नेट सारखं जात असेल तर हा मुद्दा वर ठेवा.

असेटो कोर्सा : चूक आधी कळते

कुनोस सिम्युलाझिओनी ही इटलीतली छोटी कंपनी. हा गेम घडला तेव्हा रोमजवळच्या व्हालेलुंगा सर्किटच्या आवारात तिचं ऑफिस होतं. लेझरने मोजलेले ट्रॅक घेऊन डिसेंबर २०१४ मध्ये त्यांचा गेम पीसीवर पूर्ण झाला. मेन्यू कोरडा, गोष्ट नाही, करिअरचा भाग कामचलाऊ. सजावट हवी असणाऱ्याने इथे येऊच नये.

पण स्टिअरिंग व्हील जोडून एमएक्स-५ मोंझाला न्या. वळताना रस्त्यावरचा टायर सतत सरळ व्हायला बघतो आणि तो ओढा स्टिअरिंगमधून हाताला लागतो. पकड संपत आली की हा ओढा आधी कमी होतो, घसरणं त्यानंतर. म्हणजे गाडी सुटायच्या क्षणभर आधी स्टिअरिंग हातात हलकं पडतं. डोळ्यांना काही दिसलेलं नसतं, हातांना कळलेलं असतं. घाबरून ब्रेकवर पाय तसाच ठेवून वळवलं तर वजन पुढे येतं, मागची चाकं उचलल्यासारखी होतात आणि शेपूट फिरते. घाटात ड्रायव्हरने मध्येच ब्रेक दाबला की मागच्या सीटवर पोटात गोळा येतो, ती ही जाणीव. या गेमने ती टेबलावर आणून ठेवली आहे. मला अजून दुसरीकडे इतकी स्वच्छ मिळालेली नाही.

इथे रिवाइंड नाही, परीक्षा घेणारंही कुणी नाही. सावध करतो तो फक्त टायर. म्हणूनच एक अट मी ठामपणे घालेन : व्हील घेणार नसाल तर असेटो कोर्सा घेऊ नका. साध्या कंट्रोलरवर तो चालतो, पण त्याचं सगळ्यात चांगलं जे आहे ते अंगठ्यापर्यंत पोहोचतच नाही.

दहा वर्षांहून जुना असल्याने बेताच्या पीसीवरही तो चालतो आणि सेलमध्ये अगदी थोड्या पैशांत मिळतो. मूळ गेममध्ये पाऊस नव्हता, रात्र नव्हती. दोन्ही लोकांनी मॉड करून, म्हणजे गेममध्ये स्वतःच भर घालून, आणली. टोकियोच्या उन्नत महामार्गाचं मॉड तर इतकं देखणं आहे की केवळ त्यासाठी खेळणारे आहेत.

शेजारी शेजारी ठेवून

वेगाचा भास होरायझनमध्ये सर्वाधिक. याचं कारण स्पीडोमीटरवरचा आकडा नव्हे. झाडं, भिंती, खांब रस्त्याला चिकटून असतात आणि ते कडेने सर्रकन जातात. मोठ्या सर्किटवर कडेला मोकळी जागा असते, त्यामुळे २०० चा वेगही संथ वाटतो. ग्रॅन तुरिस्मोत हे जाणवलं तर कॅमेरा बंपरवर आणा. रस्ता डोळ्यांजवळ आला की फरक पडतो.

गाड्यांवरचं प्रेम मोजायचं झालं तर ग्रॅन तुरिस्मोच्या जवळपास कुणी नाही. गाडी कुणी, का बनवली हे तो तन्मयतेने सांगतो, आणि माझ्यासारखीला ते ऐकत बसायला आवडतं.

घरात मुलं असतील, चौघांनी एका सोफ्यावर बसून खेळायचं असेल, तर मात्र या तिघांनाही बाजूला ठेवून निन्टेन्डो स्विचवरचा ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ बघा. तिथे मागे पडलेल्याला जोरदार वस्तू मिळतात, पुढच्याला किरकोळ, त्यामुळे सहा वर्षांचा नातू आणि आजोबा शेवटच्या वळणापर्यंत एकाच शर्यतीत राहतात. रस्त्याबाहेर जाऊ न देणारी मदतही आहे. फोनवरचे फुकट गेम मी सुचवणार नाही. त्यांतले बरेच वळणं स्वतःच घेतात, मग आपल्याकडे काय उरलं?

तर निवड अशी. संध्याकाळी अर्धा तास डोकं मोकळं करायचं आहे, कंट्रोलर आहे, एक्सबॉक्स किंवा बरा पीसी आहे : होरायझन ५. एप्रिल २०२५ पासून तो प्लेस्टेशन ५ वरही आला आहे. एकच गोष्ट घोटत बसायला आवडतं आणि प्लेस्टेशन घरात आहे : ग्रॅन तुरिस्मो ७, निःशंकपणे. सगळ्यांत आधी मीही तोच घेईन. गाडीची पकड म्हणजे काय ते हाताला कळून घ्यायचं आहे : असेटो कोर्सा आणि एक व्हील, पेडलसकट.

व्हील घेताना आधी टेबल बघा. फळी जाड आणि पक्की हवी, नाहीतर व्हील टेबलाला आवळणारा क्लॅम्प धरत नाही आणि प्रत्येक वळणाला सगळं टेबल हलतं. खुर्ची चाकांची असेल तर जोरात ब्रेक दाबला की ती मागे पळते. चार पायांची साधी लाकडी खुर्ची घ्या आणि पेडल भिंतीला टेकवून ठेवा.